ड्रेपरीच्या मागचा निवारा: विदेशी पाळीव प्राण्यांसाठी चाललेल्या कामाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2024 : जागा आणि पाया

ड्रेपरीच्या, म्हणजे पोशाख शिवून भाड्याने देण्याच्या आपल्या दुकानाच्या, मागची 12 गुंठे जागा दोरी लावून आखली. भुसावळ–जामनेर रस्त्यापासून थोडी आत, पश्चिमेला केळीची बाग, पूर्वेला कापूस. जमीन पूर्ण काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर विटांची भिंत थेट उभी केली की दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून तडकते. म्हणून पक्क्या खोल्या दोनच: विलगीकरणाची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची. त्या दोन्ही जागी 3 फूट काळी माती काढून मुरूम भरायचा. एकदम ओतायचा नाही, 6-6 इंचांचा थर, पाणी मारून धुमस, मग पुढचा थर. बाकी सगळे पिंजरे दीड इंची जीआय पाइपच्या सांगाड्यावर, प्रत्येक खांब 2 फूट खोल काँक्रीटमध्ये.

बांधकामाचा क्रम ठरला: आधी विलगीकरण, मग सावली आणि थंडावा, मग पिंजरे, शेवटी प्राणी. निवाऱ्यात किती प्राणी मावतात हे पिंजऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. नवीन आलेला पक्षी वेगळा ठेवायला किती जागा आहे आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती जिवांना थंड हवा देता येते, या दोन गोष्टींवरून ठरतं. खानदेशात तरी दुसरं माप नाही.

वाऱ्याची दिशा आखणीतच धरली. उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणून मुखवट्यांना सोल्यूशन (उग्र वासाचा चिकटद्रव) लावायची आणि थर्माकोल कापायची शेड पूर्वेच्या टोकाला, पक्षी मध्ये. केळीवरची फवारणी मात्र पश्चिमेकडून थेट आपल्याकडे येणार. शेजाऱ्यांशी बोलून ठरलं की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ते कळवतील. त्या दिवशी पश्चिमेचे पडदे बंद, उघडी भांडी आत.

1 डिसेंबर 2024 : कागदपत्रं, आणि कोणाला घ्यायचं

हा भाग सगळ्यांनी दोनदा वाचावा, कारण निवारा उभारायला निघालेले बहुतेक लोक इथेच अडकतात.

वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यामुळे नवी अनुसूची 4 आली. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस कराराच्या यादीतले विदेशी प्राणी आता या अनुसूचीत येतात. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने कलम 49 एम खाली नोंदणी करायची. त्याचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये निघाले आणि अर्ज परिवेश 2.0 या पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवावं लागतं.

आपल्या भागात घरोघरी दिसणाऱ्या प्राण्यांचं वर्गीकरण असं. आफ्रिकन ग्रे पोपट सायटिसच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, 2017 पासून. सन कन्युअर (पोपट), हिरवा इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (अजगर) हे परिशिष्ट 2 मध्ये. बजरीगर, कॉकॅटियल आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे छोटे पोपटवर्गातले पक्षी कुठल्याच परिशिष्टात नाहीत. फोनवर माणूस ‘लव्हबर्ड’ म्हणतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा तो बजरीगर असतो. आणि खरोखर लव्हबर्ड असला तरी डोळ्याभोवती पांढऱ्या कातडीची कडी असलेली जात वेगळी, ती परिशिष्ट 2 मध्ये येते. म्हणून फोटो पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही. फोटो समोरून आणि बाजूने, डोळा स्पष्ट दिसेल असा.

देशी प्राणी अजिबात नाहीत. आपला नेहमीचा हिरवा पोपट, डोंगरी मैना, मुनिया, चांदणी कासव: हे घरात ठेवणंच गुन्हा आहे, आपण ते ‘तात्पुरते’ ठेवून घेणंही तसंच. अशा फोनला एकच उत्तर, वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन.

प्रदर्शन नाही, तिकीट नाही, शाळांच्या सहली नाहीत, प्रजनन नाही, विक्री नाही. लोकांना प्राणी दाखवायला लागलो की ती जागा कायद्याने प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत जाते आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. दुरुस्तीनंतरच्या व्याख्येत बचाव केंद्रंही आली आहेत. त्यामुळे टप्पे असे: पहिल्या टप्प्यात फक्त बजरीगर, कॉकॅटियल आणि गुलाबी तोंडाचे लव्हबर्ड. अनुसूची 4 मधला एकही प्राणी प्राधिकरण आणि मुख्य वन्यजीव रक्षक या दोन्ही दारांमधून लेखी परवानगी आल्याशिवाय फाटकाच्या आत येणार नाही, मालक कितीही रडला तरी. सरपटणाऱ्यांची खोली बांधून, रिकामी चालवून पाहायची. परवानगीच्या अर्जात दाखवायला तापमानाची वर्षभराची वही तयार असेल.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवायची, ड्रेपरीपासून हिशेब पूर्ण वेगळा. फलकावर ‘अभयारण्य’ लिहायचं नाही. ते घोषित करायचा अधिकार शासनाचा. ‘निवारा’ पुरे.

19 डिसेंबर 2024 : कापड

सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठीच्या झुली देऊन झाल्या. आता कपडेपटातलं उरलेलं कापड निवाऱ्यासाठी निवडायचं काम. आपल्या धंद्यातली नव्वद टक्के सामग्री प्राण्याजवळ नेण्याच्या लायकीची नसते, हे आधी मान्य करायला हवं.

पूर्ण बंद: टिकल्या, चमकी, खडी, मणी, कुंदन, जरीचा गोट, धातूचे हुक. पोपटवर्गातले पक्षी चोचीने हे सगळं उपसतात आणि गिळतात. स्वस्त धातूच्या दागिन्यांत शिसं आणि जस्त असतं. पक्ष्याला विषबाधा व्हायला एक तुकडा पुरतो. नायलॉनची जाळी बंद, कारण नख अडकलं की पक्षी स्वतःभोवती फिरतो आणि पाय पिळवटतो. टर्किश टॉवेल बंद, त्याच्या प्रत्येक फासात नख जातं. स्पंज बंद, कुरतडून गिळला तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा बसतो.

डांबर गोळ्यांच्या पेटीतलं कुठलंही कापड बंद. धुतलं तरी वास जात नाही, आणि तो वास म्हणजेच ते विष हवेत आहे. ड्रेपरीतल्या सगळ्या ट्रंकांतून डांबर गोळ्या काढल्या. त्याऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत, दर दोन महिन्यांनी बदलायचा, आणि पेट्या उन्हात उघडून ठेवायच्या. कसर पूर्ण थांबत नाही. लोकरी आणि रेशमी पोशाख म्हणून हवाबंद पिशवीत.

छपाईच्या हीट प्रेसवरचा टेफ्लॉनचा कागदही काढला. टेफ्लॉन जास्त तापलं की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्ष्यांच्या फुप्फुसांना आणि हवेच्या पिशव्यांना तो काही मिनिटांत मारतो. थर्मोस्टॅट बिघडून प्रेस तापत राहिली तर हेच होणार. आता जाड सुती कापड घालून छपाई. नॉनस्टिकची कढईसुद्धा त्या आवारात नको.

चालणारं कापड दोनच: मांजरपाट आणि फ्लीस. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यातून काढायचा, खळ पूर्ण गेली पाहिजे. फ्लीसला उसवणारा धागा नसतो, कापलेली कड सुटत नाही, नख अडकत नाही.

शिवणीचा नियम: प्राण्याच्या बाजूला एकही मोकळा दोरा नाही. धाग्याचा वेढा बोटाला बसला की तो ओला-सुका होत आवळत जातो, बोट सुजतं, वेढा सुजेत बुडतो आणि दिसेनासा होतो. दोन दिवसांत बोट काळं. म्हणून सगळ्या शिवणी दुहेरी कापडाच्या मध्ये, टाका 2 मिलिमीटर, सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप, दोरा मुळाशी कापायचा. पक्ष्यांच्या वस्तूंना सुती दोरा वापरायचा. ताण आला तर तो तुटतो. पॉलिएस्टर तुटत नाही, बोट तुटतं.

सापाच्या पिशवीचा नमुना कापून ठेवला: मांजरपाट, तयार माप 18 इंच रुंद, 32 इंच लांब. इथे दोरा पॉलिएस्टरचाच, कारण इथे मजबुती हवी. शिवण दोनदा उलटवून घ्यायची म्हणजे कच्ची कड आतल्या आत बंद होते. तळाचे दोन्ही कोपरे आतून तिरपे शिवून टाकायचे. उघड्या कोपऱ्यात साप डोकं खुपसून बसतो आणि उचलताना आपल्या बोटांना तोच कोपरा लागतो. नाडी नाही. पिशवीचं तोंड पिळून त्याच कापडाची गाठ मारायची.

शुगर ग्लायडरची (खारीसारखा, झेप घेत तरंगणारा छोटा प्राणी) झोपायची पिशवी: फ्लीसचे दोन थर, 8 बाय 10 इंच. एका प्राण्याच्या सगळ्या पिशव्या एकाच दिवशी धुवायच्या नाहीत, स्वतःचा वास गेला की तो बेचैन होतो. वासाची पावडर, फॅब्रिक कंडिशनर नको.

8 जानेवारी 2025 : थंडी आणि वीज

मेची भीती सगळ्यांना असते, पण सरपटणारे प्राणी इथे जानेवारीत जातात. पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो. बॉल पायथनला गरम बाजू 31 ते 32, गार बाजू 25 ते 27 लागते. इग्वानाला उन्हाच्या जागी 35 च्या वर आणि रात्रीही 22 च्या खाली नको. गार पडलेल्या इग्वानाच्या पोटात खाल्लेलं पचत नाही, सडतं.

खोलीला आतून 2 इंची थर्माकोल, त्यावर सिमेंट शीट. थर्माकोल उघडा ठेवायचा नाही. प्रत्येक पेटीला सिरॅमिक हीटर, जाळीच्या पिंजऱ्यात बंद, थर्मोस्टॅटवर. गरम दगड म्हणून मिळणारी वस्तू घ्यायची नाही: सापाला पोटाखालची भाजणी वेळेत कळत नाही आणि कातडी जळेपर्यंत तो तिथेच बसून राहतो.

भारनियमनात इन्व्हर्टरवर हीटर चालवायचे म्हणजे बॅटरी लवकर बसते. दोन हीटर 100 वॅटचे, सहा तास, म्हणजे 1,200 वॅट-तास. 150 एएचची 12 व्होल्ट बॅटरी कागदावर 1,800 देते, प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास थांबायला हवं, नाहीतर बॅटरीच मरते. म्हणून दोन बॅटऱ्या. शिवाय मांजरपाटाच्या दुहेरी पिशवीत भरलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवायच्या; झाकण घट्ट, प्राण्याला थेट टेकणार नाहीत अशा.

अतिनील दिवा इग्वानाच्या हाडांसाठी लागतोच. काचेतून ती किरणं येत नाहीत, त्यामुळे खिडकीतलं ऊन कामाचं नाही. दिवा पेटत असला तरी सहा महिने ते वर्षभरात किरणं मंदावतात. बसवल्याची तारीख होल्डरवरच लिहायची.

इग्वानाचं खाणं इथे सहज मिळतं: शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, लसूणघास, लाल भोपळा. पालक क्वचित, केळं फार क्वचित. केळीच्या मुलुखात हे लोकांना पटवणं अवघड जाणार.

2 फेब्रुवारी 2025 : जाळी

शाळांच्या स्नेहसंमेलनांची गर्दी ओसरली, भाड्याचे पैसे जमा झाले, जाळी घेतली.

बजरीगर आणि कॉकॅटियलला अर्धा इंची वेल्डेड जाळी, 16 गेज. पुढे कन्युअर, ग्रे आलेच तर 1 इंची, 12 गेज. त्यांची चोच 16 गेज वाकवते. 1 इंची जाळीतून उंदीर येतो, उंदरामागे धामण येते. म्हणून मोठ्या जाळीलाही खालचे 2 फूट बाहेरून अर्धा इंची जाळी. जमिनीखाली 1 फूट खोल आणि तिथून बाहेरच्या बाजूला 1 फूट वळवलेली. मुंगूस आणि मांजर जाळीला टेकूनच उकरतात, त्यांना वळण लागलं की थांबतात.

नवीन गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे थेंब आणि पांढरी पूड असते. पक्षी चढताना चोचीने धरतो आणि ते खातो. प्रत्येक तुकडा अंथरून तारेच्या ब्रशने घासला, व्हिनेगरने पुसला, धुतला, उन्हात वाळवला. वेल्डिंगच्या सांध्यांवर जास्त वेळ द्यावा, थेंब तिथेच लटकलेले असतात. कापलेली टोकं कानसून वर पत्र्याची पट्टी.

प्रत्येक पिंजऱ्याला दुहेरी दार, मध्ये 3 बाय 3 फुटांची चौकट. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही.

बसायच्या फांद्या बाभूळ, कडुनिंब, पेरू, जांभूळ यांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर पायाच्या तळव्याला एकाच जागी दाब येऊन फोड होतो. कण्हेर आणि रुई आवारातही नको. पऱ्हाट्या वापरायच्या नाहीत: फुकट मिळतात, कुडाला छान दिसतात, पण कापसावर हंगामभर फवारलेलं त्यांच्यात असतं आणि पक्षी त्या सोलतात. कुडासाठी न फवारलेल्या ज्वारीचा कडबा.

16 मार्च 2025 : थंडाव्याची मांडणी

भुसावळ-जळगावचा मे 44–45 अंशांचा. नुसता पत्रा असेल तर खाली भट्टी होते. छपराची रचना वरून खाली: चुन्याचा पांढरा हात दिलेला पत्रा, 9 इंच मोकळी हवा, मग कडब्याचा जाड थर, त्याखाली बारीक जाळी. मधली हवा दोन्ही टोकांनी उघडी हवी, बंद केली तर उपयोग नाही. पिंजऱ्यांच्या वर 3 फूट उंचीवर 75 टक्क्यांची पांढरी शेडनेट. ती जाळीवर टेकवायची नाही, तापलेली नेट खाली उष्णता सोडते.

विलगीकरणाची खोली 12 बाय 10 बाय 9 फूट, म्हणजे 1,080 घनफूट. कडक उन्हात मिनिटाला एकदा हवा बदलली तरच ओल्या पडद्याचा गारवा आतपर्यंत पोचतो. पूर्वेच्या भिंतीत 15 इंची एक्झॉस्ट पंखा, समोर पश्चिमेला 6 बाय 4 फुटांचा वाळ्याचा पडदा. इतर सगळ्या फटी बंद; दाराखालची फट उघडी राहिली तर पंखा तिथूनच गरम हवा ओढतो आणि पडद्यातून काही येत नाही.

वाळा सुटा भरला तर आठवड्यात खाली घसरतो, वर भोक पडतं. म्हणून मांजरपाटाच्या पट्ट्यांनी गादीसारखे कप्पे पाडले, 6 इंचांवर आडवी टीप, कप्प्यागणिक वाळा भरून वरून बंद. हे काम ड्रेपरीतल्या गादीमशीनवर झालं. पडदा आतल्या जाळीच्या बाहेर, पक्ष्याची चोच पोचणार नाही असा.

पाणी द्यायला ठिबकचंच सामान. जळगाव जिल्ह्यात ते कुठल्याही दुकानात मिळतं. पडद्याच्या वर 16 मिलिमीटरची लॅटरल नळी, अर्ध्या फुटावर ताशी 4 लिटरचा ड्रिपर: 6 फुटांना 12 ड्रिपर, ताशी 48 लिटर. निथळलेलं पाणी अर्ध्या पाइपच्या पन्हळीतून 200 लिटरच्या ड्रमात, तिथून छोट्या पंपाने पुन्हा वर, मध्ये स्क्रीन फिल्टर. बोअरचं पाणी जड. ते फिरत राहिलं की क्षार साठतात, ड्रिपर बसतात, वाळ्यावर पांढरी खपली येते. ड्रमातलं पाणी तिसऱ्या दिवशी बदलायचं आणि केळीला सोडायचं.

उघड्या पिंजऱ्यांवर फॉगर, चार तोंडांचा, 4 बार दाबावर ताशी 28 लिटर. दाब कमी पडला की धुकं होत नाही, थेंब पडतात, खाली चिखल आणि दाणे ओले. म्हणून फॉगरची लाइन स्वतंत्र पंपावर, प्रत्येक फॉगरला गळतीरोधक झडप. फॉगर पिंजऱ्याच्या बाहेर वरच्या बाजूला: पक्ष्याला धुक्यात जायचं की नाही हे त्याला ठरवता आलं पाहिजे.

12 एप्रिल 2025

रिकाम्या खोलीत चाचणी. बाहेर सावलीत 42, पंखा आणि पडदा चालू, आत 34. पडदा कोरडा ठेवून नुसता पंखा लावला तर आत 40. पंखा बंद, पडदा ओला: 37 आणि हवा कोंदट. दोन्ही एकत्रच चालवायचे.

4 मे 2025 : रात्रीचा प्रश्न

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. दुपारची घडी बसली, रात्रीची बसवायची आहे. रात्रभर ओला राहिलेल्या वाळ्यात बुरशी धरते, आणि बुरशीचे बीजाणू पक्ष्यांच्या फुप्फुसात गेले की ॲस्परजिलोसिस. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वेळापत्रक: पाणी सकाळी दहाला चालू, संध्याकाळी सातला बंद, पंखा नऊपर्यंत, म्हणजे पडदा झोपण्याआधी सुकतो. वाळ्याला कुबट वास आला की तो कप्पा उसवून वाळा फेकायचा. धुऊन पुन्हा भरायचा नाही.

उन्हाची लक्षणं कामावर येणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावीत, पिंजऱ्यावर कापडी पाटीवर शिवून लावली आहेत: चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले, शेपटी धापेबरोबर खालीवर. पक्षी लगेच आत थंड खोलीत, पायांना साध्या तापमानाचं पाणी. बर्फाचं पाणी अंगावर टाकलं तर धक्क्याने मरतो.

14 जून 2025 : वादळ, मग दमट हवा

पावसाआधीच्या वाऱ्याने शेडनेट दोन ठिकाणी फाटली. रावेरकडे केळी आडव्या होतात तसा हा वारा. फाटली ती जाळीच्या मधून नाही, रिंगांच्या रांगेतून: प्रत्येक रिंग स्वतःच्या चार धाग्यांवर लोंबत होती. आता कड 3 पदरी दुमडून, आत नायलॉनची पट्टी घालून, त्यावर झिगझॅग आणि मग रिंग. रंगमंचाचे पडदे असेच शिवतो. बांधायला तार नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, त्या ताणतात आणि झटका खातात. दर 10 फुटांवर एक बांधणी मुद्दाम कच्ची, म्हणजे फारच वारा आला तर आधी ती सुटेल आणि सांगाडा वाचेल.

हवा दमट झाली की ओल्या पडद्याचा खेळ संपतो. बाहेर 35 आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर असेल तर आत जेमतेम दोन-तीन अंश कमी होतात आणि बुरशी वाढते. पाणी बंद, पडदा उतरवून उन्हात, फक्त पंखा. तापमापकाशेजारी आर्द्रतामापक नसेल तर हा बदल कधी करायचा हे कळणार नाही.

दाण्याचं पोतं जमिनीवरून उचलून फळीवर. शेंगदाणे आणि मका पक्ष्यांच्या यादीतून काढले, पावसाळ्यात त्यांवरच्या बुरशीचं विष यकृत खातं. राळा, बाजरी, ज्वारी, मोड आलेले मूग. मोड सकाळी दिलेले दुपारी उचलायचे. हिरव्या पाल्याचं प्रमाण वाढवायचं, नुसत्या दाण्यावरचा पक्षी जीवनसत्त्व अ कमी पडून आजारी पडतो.

6 जुलै 2025 : लाल कानाच्या कासवांचं तळं

ही कासवं नाण्याएवढी असताना विकली जातात आणि ताटाएवढी झाली की विहिरीत, तलावात सोडली जातात. तिथे ती देशी कासवांची उन्हाची जागा आणि खाणं बळकावतात. त्यांना कुठेही सोडायचं नाही, हा नियम फाटकावर लिहायचा. स्वीकारायची की नाही ते वनकार्यालयाचं लेखी उत्तर आल्यावर. तळं मात्र आत्ता, खोदाई मऊ असताना.

12 बाय 8 फूट, 3 फूट खोल, पाणी अडीच फूट: 240 घनफूट, सुमारे 6,800 लिटर. उथळ ठेवलं तर मेमध्ये पाणी 35 च्या वर जातं, म्हणून खोली आणि निम्म्या तळ्यावर सावली. शेततळ्याचा 500 मायक्रॉन कागद. माप: लांबी अधिक दोनदा खोली अधिक 2 फूट, म्हणजे 20 बाय 16 फूट. काळी माती भेगाळताना कागद ओढते. तळाशी 4 इंच वाळू आणि तिच्यावर जुन्या साड्यांचे शिवून केलेले दुहेरी गोधडे. त्याने दगडाचं टोकही कागदाला लागत नाही.

सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून जावं, म्हणजे ताशी 3,400 लिटरचा पंप, आणि तोही फिल्टरच्या उंचीला मोजून. डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. दोन ड्रम: पहिल्यात गाळ बसायला जाळ्या, दुसऱ्यात रेती-खडी. कासव माशापेक्षा फार घाण करतं. कडेने दीड फूट भिंत, वर आत झुकलेली 4 इंचांची कड, कासव चढतं. मादी बाहेर येऊन अंडी घालेल असा मातीचा कोपरा ठेवायचा, नाहीतर अंडी पोटात अडकतात. अंडी उचलून उबवणीआधीच नष्ट करायची. हात साबणाने धुतल्याशिवाय दुसरं काम नाही, कासवाकडून सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू लागतो.

10 ऑगस्ट 2025 : पहिले पक्षी

कानबाईच्या उत्सवातल्या पोशाखांची घाई संपल्यावर पहिला स्वीकार: बजरीगरची एक जोडी, एक कॉकॅटियल. लेखी हस्तांतर, जुन्या मालकाची सही, फोटो, पायात कडी असल्यास तिचा क्रमांक.

विलगीकरण 45 दिवस. वजन रोज सकाळी खाण्याआधी, 1 ग्रॅमच्या काट्यावर, मांजरपाटाच्या पिशवीत. पिशवीचं वजन आधी शून्य करायचं. बजरीगर 30–40 ग्रॅमचा, कॉकॅटियल 80–100. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टरला फोन. पिसं फुगवून बसेपर्यंत थांबायचं नाही, पक्षी आजार लपवतो. विष्ठेसाठी खाली पांढरा कागद, छापील वर्तमानपत्रावर रंग कळत नाही. झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, मास्क लावून, कारण सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा आजार माणसालाही होतो. आधी साबण, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात, 10 मिनिटं, पक्षी दुसऱ्या खोलीत. रोजचं काम निरोगी पक्ष्यांकडून सुरू करून विलगीकरणात संपवायचं. तिथला झगा तिथेच, निळ्या गोटाचा, म्हणजे चुकून बाहेर आला तर लांबून दिसतो.

कॉकॅटियलने छातीची पिसं उपटली आहेत. फ्लीसचा अंगरखा कापला: मान, पंखाखालचा घेर, पंखाच्या मुळापासून विष्ठेच्या जागेपर्यंतचं अंतर. गळ्याखाली अन्नपिशवी भरल्यावर फुगते, तिथे कापड सैल, करंगळी सहज जावी इतकं. वेल्क्रो नाही, पाठीवर दुमडून एकच चपटी कापडी खुंटी. अंगरख्याने उपटणं थांबतं, कारण जात नाही: एकटेपणा, कमी झोप, त्वचेचा आजार, यकृत, काहीही असू शकतं. म्हणून तो डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच, आणि पहिले तास माणूस समोर बसलेला असताना. बारा तास अंधारी झोप मात्र आजपासूनच, काळ्या सुती आच्छादनाखाली, बाजूने हवा खेळती ठेवून.

17 ऑगस्ट 2025

गणपती ते दिवाळी नवीन पक्षी घेणार नाही. ड्रेपरीत रात्रपाळी असते, सोल्यूशनचा वापर चौपट होतो, आणि फटाक्यांच्या आवाजाने नवीन पक्षी अंधारात जाळीवर आपटतात. या काळात पिंजऱ्यात रात्री मंद दिवा. नाव नोंदवलेल्यांना तोपर्यंत घरीच काय बदल करायचे त्याचा कागद पाठवला. मोठा पिंजरा, नॉनस्टिक बंद, दाण्यासोबत पाला. त्यातल्या काहींनी पक्षी ठेवून घेतला तर उत्तम.

पुढचं काम: तळ्याच्या फिल्टरची दुसरी टाकी, सरपटणाऱ्यांच्या खोलीत दुसरी बॅटरी, शेडनेटच्या उत्तर बाजूची कड.